मोरा बंदर आणि पाकिटातले अन्न : एका किनाऱ्याचा दीडशे वर्षांचा आहार-इतिहास

१/
बिस्किटे, नूडल्स, वेफर्स, शीतपेये. कमावती, जाणती माणसे हे पदार्थ रोज का खातात, असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते : जिभेवर ताबा नाही. या धाग्यात मुंबईसमोरच्या मोरा बंदराचा इतिहास पाहू. माणूस काय खातो-पितो हे ठरवण्यात जिभेचा वाटा किती, आणि कर, कायदा व कामाच्या वेळा यांचा किती, याचा एक जुना दाखला तेथे आहे.

२/
मोरा हे उरणचे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच जेथे लागते ते ठिकाण. उरण-करंजा हा भाग पूर्वी बेटच होता. साष्टीबरोबर तो १७७४-७५ च्या सुमारास इंग्रजांकडे गेला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर त्यांच्याकडेच राहिला. उरलेले कोकण १८१८ मध्ये गेले. म्हणजे पेशवाई संपण्याच्या चाळीस वर्षे आधीपासून हा किनारा मुंबईच्या बाजारपेठेला बांधलेला होता.

३/
जुन्या कागदांत मोरा ‘तालुका पनवेल’ म्हणून आढळते, कारण उरण हा तेव्हा पनवेल तालुक्याचा पेटा होता. पनवेल तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता; १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, जोडला गेला. पुढे येणारा मोहफुलाचा कायदा ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठीच होता, म्हणून हा तपशील ध्यानात ठेवावा.

४/
अन्नावर प्रक्रिया करणे या किनाऱ्याला नवे नव्हते. उरणची मिठागरे प्रसिद्ध होती. कोळीवाड्यांत बोंबील वलांडीवर वाळत, जवळा अंगणात पसरला जाई, मोठी मासळी खारवली जाई. खाडीकाठच्या खार जमिनीत बांधबंदिस्ती करून भात पिकवला जाई. त्याचे तांदूळ, पोहे, पीठ घरी होई. पावसाळ्यात समुद्र बंद असताना घर चालायचे ते या साठवणीवरच.

५/
या प्रक्रियेची दोन वैशिष्ट्ये होती. मूळ पदार्थ ओळखू येई : सुका बोंबील हा बोंबीलच असे. आणि प्रक्रिया करणारे हात घरातले, बहुधा बायकांचे असत. ते काम सोपे मुळीच नव्हते. कांडण, दळण, मासळी साफ करणे, उन्हात उलथवणे यांत बाईचा दिवस सरे. जुन्या आहाराचे गोडवे गाताना हे कष्ट विसरून चालणार नाही.

६/
मग आज ज्याला ‘अतिप्रक्रियायुक्त अन्न’ म्हणतात ते वेगळे कशामुळे? ही संज्ञा रुळवली ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातील कार्लुस मोंतेइरो यांनी, २००९ पासून. त्यांना एक कोडे पडले होते. ब्राझीलमधील कुटुंबे वाण्याकडून साखर व तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत होती, तरीही लठ्ठपणा वाढत होता. साखर आणि तेल आहारातून गेलेच नव्हते. ते स्वयंपाकघरातून कारखान्यात गेले होते.

७/
त्यांच्या ‘नोव्हा’ वर्गीकरणात चार गट आहेत. आपल्या उदाहरणांनी पाहू.
पहिला : तांदूळ, ताजी मासळी, भाजी, दूध.
दुसरा : मीठ, तेल, साखर, म्हणजे स्वयंपाकाचे साहित्य.
तिसरा : पहिल्या दोहोंच्या संयोगातून झालेले. खारवलेली मासळी, लोणचे, पीठ-मीठ-यीस्ट एवढ्यावरच झालेला बेकरीतला पाव.
चौथा : अतिप्रक्रियायुक्त.

८/
चौथ्या गटातला पदार्थ अख्ख्या धान्यापासून वा फळापासून थेट बनत नाही. धान्य, तेलबिया, ऊस यांचे घटक कारखान्यात वेगळे काढतात, काहींवर रासायनिक क्रिया करतात, मग रंग, स्वाद, पायसीकारक घालून त्यांची नवी जुळणी करतात. घरच्या स्वयंपाकघरात जे कधीच नसते असे काही घटकांच्या यादीत सापडले, तर तो पदार्थ बहुधा या गटातला.

९/
आता याच वर्गीकरणातली एक फारशी चर्चेत न येणारी बाब पाहा. मद्याचे वर्गीकरण करायचे झाल्यास नोव्हा केवळ आंबवलेली पेये तिसऱ्या गटात ठेवते आणि ऊर्ध्वपातन करून गाळलेले मद्य चौथ्यात. या हिशेबाने माडी, ताडी, शिंदी तिसऱ्या गटात येतात आणि मोहाची गाळीव दारू चौथ्यात. मोऱ्याचा इतिहास नेमका या दोन गटांमधून जातो.

१०/
एकोणिसाव्या शतकात उत्तर कोकणात माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीचा रस ही कष्टकऱ्यांची नेहमीची पेये होती. झाडावर चढून रस काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. रस पहाटे उतरावा आणि त्याच दिवशी संपावा, असा त्याचा स्वभाव : तो टिकत नाही, लांब नेता येत नाही. म्हणून त्याचा व्यापार गावापुरता, आणि त्यावर सरकारी नजर ठेवणेही अवघड.

११/
मोहाचे तसे नव्हते. वाळलेले मोहफूल महिनोन्‌महिने टिकते, गोणीत भरून दूर पाठवता येते, आणि त्याची दारू मोजून, पिंपात भरून, कर आकारून विकता येते. टिकाऊपणा, वाहतूक, मोजमाप : कारखानदारीला आणि महसूल खात्याला एकाच वेळी सोयीचे असे हे तीन गुण. पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या व्यापारालाही आज हेच तीन गुण लागतात.

१२/
१८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा झाला. त्यामागचे प्रमुख अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. मुंबई इलाख्यातील मीठ खात्याची घडी बसवणारेही हेच. मिठाबाबत जे धोरण राबवले गेले तेच दारूला लागू झाले : विखुरलेले उत्पादन मोजक्या ठिकाणी आणायचे, तेथे पहारा बसवायचा, आणि माल बाहेर पडताना कर घ्यायचा.

१३/
या धोरणात उरण चपखल बसले. मुंबई बंदराच्या पलीकडे, जलमार्गाने जवळ, आणि खाडी-समुद्राने वेढलेले असल्याने चोरट्या वाहतुकीवर नजर ठेवण्यास सोपे. येथे मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या. मालक बहुतांशी पारशी. मोहफूल मुख्यतः गुजरातेतून, पंचमहालाच्या बाजूने येई. गाळलेली दारू मोऱ्याहून मुंबईला आणि आसपासच्या जिल्ह्यांत जाई. मीठ आणि दारू हीच या बंदराची मोठी निर्यात होती.

१४/
दुसऱ्या बाजूला रस काढण्याच्या झाडांवरचा कर वाढवण्यात आला. झाडपट्टी भरून माडी-ताडी विकणे परवडेना. भंडाऱ्यांनी अर्ज केले, वृत्तपत्रांनी टीका केली. ताडी हे सौम्य पेय, गरिबाच्या आहाराचा भाग; ते महाग केले तर माणूस अधिक कडक दारूकडे वळेल, असा आक्षेपाचा आशय होता. सरकारचा प्रतिवाद होता की करामुळे मद्यपान आटोक्यात राहते.

१५/
१८९२ मध्ये आणखी एक पाऊल पडले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलाचा स्वतंत्र कायदा आला. ठरावीक मर्यादेपलीकडे मोहफूल बाळगायला परवाना लागू लागला. रानातले फूल वेचून घरात ठेवणे, ही कातकरी, ठाकूर, वारली यांच्या जगण्यातली साधी गोष्ट. ती आता गुन्हा ठरू शकत होती.

१६/
या कायद्यावर जो वाद झाला त्यात एक मूलभूत प्रश्न होता : मोहफूल हे अन्न आहे की केवळ दारूचा कच्चा माल? आदिवासींच्या दृष्टीने ते दोन्ही होते. फूल वाळवून, शिजवून खाल्ले जाई, आणि टंचाईच्या दिवसांत ते मोठा आधार असे. कायद्याने त्याची एकच ओळख मानली. उरणच्या भट्टीत शिरणारे मोहफूल वैध, आणि कातकऱ्याच्या झोपडीतले संशयास्पद.

१७/
डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातबद्दल आणि इंद्रा मुन्शी सलदान्हा यांनी ठाणे जिल्ह्याबद्दल या प्रक्रियेचा सविस्तर अभ्यास केला आहे. निष्कर्षाचा गाभा असा : लोकांची चव आपोआप बदलली नाही. स्वस्त, स्थानिक, सौम्य पेय कायद्याने महाग व दुर्मीळ झाले. कारखान्यातले, दूरचे, कडक पेय कायद्याने उपलब्ध झाले. पिणाऱ्याने जे समोर होते ते घेतले, आणि व्यसनी असल्याचा दोष मात्र त्याच्याच माथी आला.

१८/
येथे एक खबरदारी. दारू आणि बिस्कीट एक नव्हेत. दारू हे मादक द्रव्य आहे, आणि ताडीनेही संसार उद्ध्वस्त केले आहेत. तुलना परिणामांची नाही, यंत्रणेची आहे. आसपास तयार होणारा नाशिवंत पदार्थ मागे पडून दूरचा टिकाऊ पदार्थ त्याची जागा कसा घेतो, हे मोऱ्याच्या दारूत दिसले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर तो व्यवसाय सरला. यंत्रणा मात्र दुसऱ्या पदार्थांत चालू राहिली.

१९/
दृष्टी बंदराच्या पलीकडे, शिवडीकडे वळवू. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी शिवडीत तिचा कारखाना उभा राहिला. पातळ वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून त्याला तुपासारखा घट्टपणा आणायचा, हे तंत्र. तोच ‘डालडा’. तूप न परवडणाऱ्या घरांत सणाचे तळण त्यात होऊ लागले.

२०/
वनस्पतीवर प्रखर टीका झाली. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. तेव्हाची मुख्य तक्रार तुपातील भेसळीची होती. खरा दोष पुढे कळला : अर्धवट हायड्रोजनीकरणातून ट्रान्स मेद तयार होतो आणि तो हृदयाला घातक ठरतो. भारतात तेल-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत २ टक्क्यांवर आली ती जानेवारी २०२२ मध्ये. शिवडीच्या कारखान्यापासून नव्वद वर्षांनी.

२१/
बिस्किटाची कथाही मुंबईचीच. विलेपार्ल्यात १९२९ मध्ये पार्लेचा कारखाना निघाला. १९३९ पासून तेथे बिस्किटे होऊ लागली. त्याआधी बिस्कीट हा साहेबी, आयात केलेला पदार्थ होता. स्वस्त ग्लुकोज बिस्किटाने तो चहाच्या कपापाशी, गिरणगावातल्या चाळीत आणि पुढे खेड्यातल्या टपरीवर आणला. पहाटेच्या पाळीला निघणाऱ्याला चूल न पेटवता पोटात काही ढकलता येऊ लागले, ही सोय खरी होती. ती नाकारण्यात अर्थ नाही.

२२/
पुन्हा उरणकडे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील ९५ गावांची जमीन संपादनात आली. भावासाठी आणि हक्कासाठी शेतकरी उभे राहिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले.

२३/
या लढ्याचा इतिहास जमिनीच्या मोबदल्याच्या भाषेत सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. त्याला आहाराचीही एक बाजू आहे. खारभाताचे शेत गेले म्हणजे घरचा तांदूळ गेला. खाडी बुजली म्हणजे चिंबोरी, निवट्या, कोलंबी गेली. जे हाताने मिळत होते ते पैशाने घ्यावे लागले. आणि पैसा मिळवण्यासाठी जी कामे आली, ती बंदराची, गोदामांची, कंटेनर यार्डांची, ट्रकची : पाळ्यांची कामे.

२४/
जीवनशैली हा शब्द येथे काळजीपूर्वक वापरायला हवा. तो ऐकला की निवड असल्यासारखे वाटते. रात्रपाळी ही निवड क्वचितच असते. झोप तुटलेली, जेवणाच्या वेळा उलट्या, बसून वा गाडी चालवत काढलेले बारा तास, घरी शिजवणारे माणूसही नोकरीवर. अशा दिनक्रमात जो पदार्थ नासत नाही, सांडत नाही, एका हाताने खाता येतो आणि पाच-दहा रुपयांत मिळतो, तो जिंकतो.

२५/
देशाचे आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय उपभोग खर्चाच्या पाहणीत पेये, प्रक्रिया केलेले व तयार अन्न यांवर होणारा खर्च ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या ४.१९ टक्के होता (१९९९-२०००). २०२२-२३ मध्ये तो ९.६२ टक्के झाला. शहरांत ६.३५ वरून १०.६४ टक्के. या गटात चहा आणि विकतचे ताजे जेवणही येते, म्हणून सारा खर्च पाकिटांवरचा नाही. तरीही, एका पिढीत खेडे शहराच्या इतके जवळ आले.

२६/
निरनिराळ्या देशांत प्रौढांवर झालेल्या अभ्यासांत काही संबंध वारंवार दिसतात : अतिप्रक्रियायुक्त अन्न अधिक खाणाऱ्यांत अपुरी झोप, कमी हालचाल, पडद्यासमोर जाणारा अधिक वेळ आणि धूम्रपान यांचे प्रमाण बहुधा जास्त. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. थकवा माणसाला पाकिटाकडे नेतो की पाकीट थकवा आणते, हे अशा पाहणीतून उलगडत नाही.

२७/
म्हणून २०१९ मधील अमेरिकेतला केव्हिन हॉल यांचा प्रयोग महत्त्वाचा. २० प्रौढांना चार आठवडे संशोधन केंद्रात ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधे. समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, मेद, तंतू, मीठ सारखेच. हवे तेवढे खाण्याची मुभा. पहिल्या प्रकारात माणसे दररोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात गेली आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलो वाढले. साध्या जेवणावर तेवढेच घटले.

२८/
ही तीच माणसे होती. दोन आठवड्यांत त्यांची इच्छाशक्ती बदलली नव्हती. बदलले होते ते ताट. प्रयोग लहान आणि अल्पकाळाचा होता. नोव्हाचा चौथा गट फार पसरट आहे, त्यात कोला आणि पूर्ण गव्हाचा पाकीटबंद पाव एकत्र बसतात, हा आक्षेपही रास्त आहे. पण दोष केवळ जिभेचा, हे मत यानंतर जसेच्या तसे उभे राहत नाही.

२९/
आणि कर? २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, नूडल्स, फरसाण, चॉकलेट यांवरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला. साखरयुक्त शीतपेयांवर मात्र ४० टक्के ठेवला गेला. म्हणजे कराने खाण्याला वळण लावता येते हे सरकारला १८७८ इतकेच आजही ठाऊक आहे. चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर ठळक काळ्या इशारापट्ट्या सक्तीच्या केल्या, त्यानंतर गोड पेयांची खरेदी लक्षणीय घटली. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूच्या इशाऱ्याची चर्चा वर्षानुवर्षे रेंगाळली आहे.

३०/
जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्याचे एक टोक शिवडीला, जेथे वनस्पतीचा कारखाना उभा राहिला. दुसरे न्हाव्याला, जेथून उरण आणि मोरा जवळच. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. उरणच्या बाजारात आजही कोळणी सुकी मासळी घेऊन बसतात. त्यांच्यामागच्या दुकानात पाकिटांच्या माळा लटकतात. गिऱ्हाईक कोणाकडे वळेल हे त्याच्या शिस्तीपेक्षा त्याच्या घाईवर, खिशावर आणि घरी चूल पेटवायला कोण आहे यावर ठरेल. आहारसल्ला देणाऱ्याने आधी एवढे विचारावे : कामावरून किती वाजता येता? मग बोंबलाचे गुण सांगावेत.

(धागा समाप्त)